दगडाचं पाणी

गुरुवारी तुरुंगात भेटीला वीस मिनिटं मिळत. त्यातली पाच तिमन्नाच्या खोकल्यात गेली.

काचेच्या अलीकडे दुरगव्वा स्टुलावर बसली होती, पलीकडे तो. बोलायला मध्ये एक यंत्र होतं. मोठा आवाज आला की ते तो आपोआप दाबून टाकायचं. त्यामुळे नवरा खोकताना दिसे पण ऐकू येत नसे, आणि ते जास्त वाईट होतं. मासा पाण्याबाहेर तडफडावा तसा त्याचा जीव काचेपलीकडे तडफडत होता आणि अलीकडे सगळं सामसूम.

"डाक्टर आलता का?" तिनं विचारलं.

"आलता. म्हणला, दगडाची धूळ हाय, दगडासंगंच जाईल."

"हसू नका."

"मी कुठं हसतोय. त्यो हसला."

पुढच्या मंगळवारी निकाल होता. गुन्हा कबूल केल्यामुळे साक्षीपुरावा फारसा झालाच नव्हता. खोटे खडे खरे म्हणून खपवले, एकदोन नव्हे, सव्वीस. सरकारी वकिलानं सात वर्षं मागितली होती. तिमन्नाकडे सात वर्षं नव्हती. हे डॉक्टरला ठाऊक होतं, वकिलाला ठाऊक होतं, आणि काचेअलीकडे बसलेल्या बाईला तर त्याचा प्रत्येक श्वास मोजून ठाऊक होतं.

"तुमी कबूल का केलं?" तिनं विचारलं. सहा गुरुवार ती हेच विचारत होती.

"केलंय म्हंजी केलंय."

मग तो खाली बघत म्हणाला, "डब्यातला त्यो शेवटचा दगड हाय ना, त्याला हात लावू नको."

"त्यो धुवायचा ऱ्हायलाय अजून."

"ऱ्हाऊ दे. तू धुऊ नको."

'तू'वर त्यानं जरासा जोर दिला. जरासाच. घंटा वाजली आणि शिपाई त्याला उठवून घेऊन गेला.

परतीच्या बसमध्ये तो 'तू' तिच्या चपलेत खडा शिरावा तसा टोचत राहिला. घराजवळच्या, काळमाळच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिला कळून चुकलं. सहा आठवडे ती धरून चालली होती की हे यांनीच केलं. का केलं ते देव जाणे, पण केलं. तिनं मनातल्या मनात भांडून, रडून, शेवटी त्याला माफही केलं होतं. आणि तो काचेपलीकडे बसून तिला माफ करत होता. घरात माणसं दोनच, दगड फिरले ते या चार हातांतून. त्यानं स्वतःवर घेतलं, कारण त्याला वाटत होतं की हे दुरगीचं काम.

ती फाट्यावरच्या मैलाच्या दगडावर बसली. मागून आलेली दुसरी बसही गेली, तरी ती तिथंच होती.

*

पुण्याच्या पूर्वेला काळमाळची खाण आहे. वस्ती वडारांची. खडी फोडणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पण या काळ्या पत्थराच्या पोटात पोकळ्या असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं तप्त लाव्हा वाहिला, त्यात बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला तशा त्या बुडबुड्यांच्या गुहा झाल्या. पुढे लाखो वर्षं त्यात पाणी झिरपलं आणि पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे स्फटिक धरले. पांढरे, पोपटी, गुलाबी. सगळ्यांना मिळून गारगोट्या म्हणायचं. त्यांतली दुर्मीळ ती निळी. पांढऱ्या गादीवर मोरपिशी गोंडा ठेवावा तशी. वस्तीत तिला 'निळा गोंडा' हेच नाव.

हिऱ्या-माणकाची किंमत पैलू पाडून वाढते. गोंड्याचं उलटं. तो जसा निघाला तसाच राहिला तर मोल. एक पाकळी दुखावली की निम्मा, कुठं चिकटवलेला निघाला की शून्य. हे दगड जमवणारे लोक जगभर आहेत, आणि एकेका गोंड्यासाठी ते विमानानं येत. तिमन्नाचा हात या कामात देवाचा. सुरुंगाआधी तो खडकाला कान लावायचा आणि बोटांनी वाजवून सांगायचा, इथं पोकळ हाय, इथं छिन्नी. त्याच्या हातून पाकळी कधी दुखावली नाही.

मग कुकर आले. खरं नाव लांबलचक होतं, लोक कुकरच म्हणत. जाड पोलादी भांडं, आत पाणी, क्षार, दाब आणि उष्णता. जमिनीनं लाखो वर्षांत केलं ते कुकर अकरा दिवसांत करी. नुसत्या डोळ्यांनी सोडा, भिंगाखालीही फरक कळेना. वर्षभरात निळा गोंडा चाव्यांच्या साखळीला लटकला. दिसायला तोच, तितकाच देखणा, आणि फुकटच्या भावात. देखणेपणाला किंमत असते असं ज्यांना वाटत होतं त्यांना त्या वर्षी नवं ज्ञान झालं.

धंदा वाचवला तो जलसाक्षी नावाच्या यंत्रानं. वस्तीनं त्याला पाणक्या नाव ठेवलं. या जातीच्या स्फटिकांच्या अंगात जाळीसारख्या बारीक वाटा असतात आणि त्या वाटांत पाणी बसलेलं असतं. पावसाचं ताजं पाणी आकाशातून येताना एक खूण घेऊन येतं. त्यातला काही हायड्रोजन किरणोत्सारी असतो, आणि बारा वर्षांत तो निम्मा होतो, पुढच्या बारात त्याच्या निम्मा. जमिनीखाली युगानुयुगं कोंडलेल्या पाण्यात त्याचा मागमूस नसतो. पाणक्या दगडाला धक्का न लावता त्याच्या पोटातलं पाणी तपासायचा. जुनं पाणी, दगड खरा. आजचं पाणी, दगड कुकरातला. इतकंच नाही, पाण्यातल्या क्षारांवरून ते कुठलं हेही सांगायचा. पूर्वीचे जवाहिरे हिऱ्याचं पाणी बघत ते म्हणायला. आता खरोखरच पाणी बघू लागले.

पाणक्यानं खरा ठरवल्याचा शिक्का मिळालेल्या दगडाला पहिल्यापेक्षा चढा भाव आला. आणि एक नवी गोष्ट झाली. दगडाबरोबर त्याची जन्मकथा विकली जाऊ लागली. कार्डावर खाण, थर, तारीख, काढणाऱ्याचं नाव, धुण्याची रीत. पूर्वी कार्डावर व्यापाऱ्याचं नाव असे, काढणारा कोण हे कुणी विचारत नव्हतं. आता पुण्याच्या एका संग्रहालयात काचेखाली सव्वीस निळे गोंडे मांडले होते आणि प्रत्येकाखाली छापलं होतं: 'शोधक, तिमन्ना कुसाळकर.' दुरगव्वाला अक्षर येत नव्हतं. पण तेवढी दोन नावं तिनं बोटानं गिरवून पाठ केली होती.

ते यंत्र यायच्या आधीच विकले गेले होते, कार्डं मागाहून लागली. शिक्क्यासाठी त्या सव्वीसांवर यंत्र फिरलं तेव्हा सव्वीसच्या सव्वीस आजच्या पाण्याचे निघाले. पाणी कुठलं, तर काळमाळच्या वस्तीतल्या टाकीचं. म्हणजे याच्याच घरी पिकवलेले. कुकर काही सापडला नाही. चौकशीवाल्यांनी विचारलं, दगड कुणाकुणाच्या हातून गेले. तिमन्ना म्हणाला, माझ्या एकट्याच्या.

*

शुक्रवारी दुरगव्वा तपासणी केंद्रात गेली. यंत्राच्या खोलीत नाझनीन तांबोळी बसल्या होत्या. सव्वीस दगडांच्या अहवालावर सही त्यांचीच. पस्तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, मानेवर गरम पाण्याची रबरी पिशवी.

"कुसाळकरबाई, तुम्ही इथं यायला नको होतं. केस कोर्टात आहे."

"मी भांडायला न्हाई आले, मॅडम. एकच इचारायचंय. हे त्यांनी केलं का मी?"

तांबोळीबाईंनी पिशवी काढून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही केलं असतं तर तुम्हाला माहीत नसतं का?"

"मला आता काय बी कळंना झालंय. यंतर म्हणतंय दगड घरात झाले. घरात आमी दोघं. त्यांनी केलं न्हाई, त्यांच्या डोळ्यांत दिसलं काल मला. मग मीच ऱ्हायले. झोपेत केलं का? अंगात आल्यावर केलं का? तुमी शिकल्या-सवरलेल्या, तुमी सांगा. मी कबूल करते. त्यांना सोडा."

"असं नसतं हो बाई."

"मग कसं असतंय?"

तांबोळीबाईंनी खाली बसा म्हणून खुणावलं, पाणी दिलं, आणि कळवळून पुन्हा मान धरली. दिवसभर यंत्रात वाकून मान धरायची, ते रोजचं दुखणं.

दुरगव्वा पाणी प्यायली. समोर माणूस दुखण्यानं बेजार असलं की तिच्यानं राहवत नसे. "त्या रबराच्या पिशवीनं काय होतंय. राखेचा शेक द्या. चुलीतली राख, इंगळ न्हाई, नुसती गरम राख. आठ-नऊ तास ऊब ऱ्हाती. आई माझी सुईण हुती. बाळ-बाळंतिणीला तीच. मी तर दगडालाबी देते."

"कशाला देता?"

"दगडाला. नवा निघालेला."

खोलीतलं यंत्र घुं घुं करत होतं. तांबोळीबाईंचा हात मानेवरच राहिला.

"कसा देता? नीट सांगा. घाई करू नका."

"कसा म्हंजी? दगुड भुईच्या पोटातनं येतो, वला, गारठल्याला, अंगावर चिक्कणमाती. लगीच पाणी घातलं तर माती आणखीन चिकटती. म्हणून आदी शेक. गरम राखेत रातभर पुरून ठेवायचा, सकाळी माती आपसूक सुटती. मग पहिली आंघूळ, टाकीच्या पाण्यात दुपारपातूर बुडवून. लेकराचं करतात तसंच. आमाला काय लेकरू झालं न्हाई, मॅडम. बाकीच्या बायका गार पाण्यानं बरशीनं घासत्यात. पाकळ्या मोडत्यात त्यांच्या. माझी एक न्हाई मोडली."

"जबाबात तुम्हाला विचारलं होतं, दगड तापवला होता का. तुम्ही नाही म्हणालात."

"न्हाईच तापवत मी."

"आणि हे काय मग?"

"शेकणं." दुरगव्वाला प्रश्नच कळला नाही. "तापवायला जाळ लागतो. लेकराला कुणी तापवतं का? शेकतात."

तांबोळीबाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

"या जातीच्या दगडाला आमच्या शास्त्रात उकळणारा दगड म्हणतात. ऊब दिली की पोटातलं पाणी बाहेर सोडतो. निवला की तहानेल्यासारखं मिळेल ते पाणी परत पितो. दिसायला काडीचा फरक पडत नाही. तुमच्या राखेनं साडेसहा कोटी वर्षांचं पाणी उडून गेलं. आणि तुमच्या आंघोळीनं त्याच्या जागी टाकीचं भरलं."

दुरगव्वा ऐकत होती. समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

"म्हंजी मीच केलं," ती म्हणाली.

*

नुसत्या सांगण्यावर कोर्ट विश्वास ठेवणार नव्हतं. आरोपीची बायको, निकाल चार दिवसांवर, आणि आधीच्या जबाबात स्पष्ट 'नाही'. तांबोळीबाईंनी सगळं समोर मांडलं. पुराव्याला एक दगड हवा, ज्याला कधी राख लागली नाही. तो दुरगव्वाकडे होता. अटकेच्या दिवशी काढलेला, मातीसकट डब्यात.

"आदी यंतरात घाला, मग शेकते, मग परत घाला," दुरगव्वा म्हणाली.

"म्हणतील मधल्या वेळात बदलला. कुकरात हुबेहूब जुळा काढणं आता सोपं आहे. नाही, एकाच दगडाचे दोन भाग हवेत. एक तसाच, एक शेकलेला. दोन्ही शेजारी शेजारी यंत्रात. फुटलेली कड फक्त आपल्या जोडीच्या कडेलाच बसते. कुकरला ते जमत नाही."

"मग कापा की."

"करवत तापते, आणि तिच्यावर पाणी सोडावं लागतं. दोन्ही चालणार नाही." त्या थांबल्या. "हातानं फोडावा लागेल. कोरडा. आणि दोन्ही भागांवर निळं यायला हवं."

दुरगव्वानं मान हलवली. वडाराच्या बाईला दगड फोडायला सांगत होत्या. जन्मभर तिनं तेच केलं होतं. फक्त असा दगड कधी फोडला नव्हता.

शनिवारी सकाळी केंद्राच्या मागच्या अंगणात कॅमेरा लावला. दोन पंच लागत, एक केंद्रातला कारकून, दुसरा व्यापारी संघटनेचा. संघटनेचा अध्यक्ष बसप्पा कुसाळकर, तिमन्नाचा धाकटा भाऊ. खडी फोडता फोडताच वर चढलेला. आता इस्त्रीचा सदरा, बोटात पोपटी खड्याची अंगठी. वस्तीतल्या चाळीस घरांचे दगड त्याच्याच हातून परदेशी जात.

त्यानं डब्याचं झाकण उघडलं, मातीतून डोकावणारं निळं बघितलं आणि झाकण त्याच्या हातातच राहिलं. दोन गोंडे होते, शेजारी शेजारी, एकाच पांढऱ्या गादीवर. जुळे. असा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

"वयनी," तो हळूच म्हणाला, "हा फोडायचाय?"

"हां."

"फोडलास की खडी हाय ती. कळतंय न्हवं? हा मला दे. याच्या जिवावर मी दिल्लीचा वकील उभा करतो. दादाच्या सातची दोन करून आणतो."

"त्यांच्याकडं दोनबी न्हाईत, भावजी."

बसप्पानं तांबोळीबाईंकडे पाठ केली. "मग वस्तीचं बघ. पाणक्या चुकतो असं एकदा भाईर पडलं की शिक्क्यावर कोण इश्वास ठेवंल? आज लोक दगड घेत्यात का? शिक्का घेत्यात. शिक्का पडला की चाळीस चुली इझल्या. दादाला इचार, त्याला चाललं का ते."

"यंतर कुठं चुकलं? पाणी आजचंच हाय, टाकीचंच हाय. त्यानं पाणी बराबर वळखलं."

"येवढी बारकी गोष्ट बाजाराला कळती व्हय? बाजाराला 'चुकलं' येवढंच ऐकू येतं."

ते खरं होतं, आणि दुरगव्वाला ते कळत होतं. चाळीस घरं म्हणजे काय हे तिला नावानिशी माहीत होतं. कुणाच्या घरी म्हातारी अंथरुणावर, कुणाची लेक कॉलेजात. तिनं हातोडी मात्र खाली ठेवली नाही.

"भावजी, एक सांगा. त्यांनी खोटे दगड केले असं तुमाला वाटलं का?"

बसप्पा अंगठी फिरवत राहिला. "यंत्रानं सांगितल्यावर माझ्या वाटण्याला काय किंमत, वयनी."

"मलाबी तसंच वाटलं," दुरगव्वा म्हणाली आणि खाली बसली.

तिनं गोणपाटाची घडी घातली, दगड त्यावर ठेवला, पदर कमरेला खोचला. मग वाकून दगडाला कान लावला. नखानं वाजवलं. इथं भरीव. इथं भरीव. इथं जरा बसका आवाज. दगडाला शीर असते, लाकडाला असते तशी. ती सापडली तर दगड माणसाचं ऐकतो. तिमन्ना शोधायचा तशी तिनं बोटानं शीर शोधली. दोन गोंड्यांच्या मधून ती जात होती, पण सरळ नाही. शेवटाला उजव्या गोंड्याकडे वळत होती.

छिन्नी टेकवली. एक ठोका, ओळख करून देण्यापुरता. दुसरा. तिसऱ्याला दगडातून कोरड्या फांदीसारखा आवाज आला आणि तो उघडला.

डावा गोंडा सबंध राहिला. उजव्याचा तिसरा हिस्सा तुटून निळ्या चुऱ्याच्या रूपानं गोणपाटावर पसरला. तीस वर्षांत दुरगव्वाच्या हातून दुखावलेल्या त्या पहिल्या पाकळ्या. बसप्पानं तोंड फिरवलं. ती मात्र चुऱ्याकडे बघत बसली, हातोडी मांडीवर, जणू कुणी तिच्या मांडीवर काही तरी ठेवून निघून गेलं होतं आणि ते घेऊन काय करायचं हे सांगितलं नव्हतं.

"राख," शेवटी ती म्हणाली. "घरून आणलीया मी. माझ्याच चुलीची."

*

अंगणात शेगडी पेटवून राख गरम केली. दुखावलेला अर्धा तिनं त्यात पुरला, लेकराच्या अंगावर दुपटं ओढावं तशी राख सारखी केली. मोहोर लावून कॅमेऱ्यासमोर ठेवलं. रविवारी सकाळी काढला, वस्तीवरून आणलेल्या टाकीच्या पाण्यात बुडवला. दुपारी बाहेर काढून दोन्ही भाग शेजारी शेजारी पाणक्यात गेले.

दोन तास तांबोळीबाई पडद्यासमोरून हलल्या नाहीत. बसप्पा दाराला टेकून उभा. दुरगव्वा जमिनीवर.

पहिल्या भागाचा आकडा आला. आजच्या पाण्याचा लवलेश नाही. हिरवा दिवा, 'अस्सल.'

दुसऱ्याचा आला. पाणी ताजं. मूळ, काळमाळ वस्तीची टाकी. लाल दिवा, 'कृत्रिम.'

तांबोळीबाईंनी हातमोजे घातले, दोन्ही भाग उचलले आणि फुटलेल्या कडा एकमेकींना लावल्या. बारीकसा आवाज होऊन त्या बसल्या. एकच दगड, अर्धा खरा, अर्धा खोटा.

"माझी सही होती सव्वीसांवर," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग बसून नवा अहवाल लिहायला लागल्या.

पंचाच्या जागेवर सही करताना बसप्पाचा हात कागदावर बराच वेळ थांबला. "माझा भाऊ हाय त्यो," तो स्वतःलाच समजावल्यासारखं बोलला आणि सही केली. दाराबाहेर पडेपर्यंत त्याचा फोन वाजायला लागला होता. बातमीला पाय नसतात, पंख असतात. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी माल परत घ्या म्हणून कळवलं. शिक्का चुकतो, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं, बसप्पा म्हणाला होता तसंच.

सोमवारी सकाळी दुरगव्वा टाकीवर घागर घेऊन गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. कुणी वाईट बोललं नाही. रांगेतल्या एकीनं आपली घागर बाजूला घेऊन तिला पुढं जागा करून दिली, परक्या बाईला देतात तशी. दुरगव्वानं नळाखाली घागर लावली. धार पडत होती. तेच पाणी.

*

तिमन्नाच्या वकिलानं अहवाल कोर्टात दिला होता. मंगळवारी न्यायाधीश काय करतील ते त्याला सांगता येत नव्हतं. कबुलीजबाब मागे घ्यावा लागेल, सरकारी बाजू पुन्हा तपासणी मागेल, तारीख पडेल. तारखा पडण्याइतका वेळ तिमन्नाकडे आहे का, हा प्रश्न त्यानं कागदपत्रं आवरता आवरता टाळला. पण सोमवारी दुपारी खास परवानगीनं दहा मिनिटांची भेट तेवढी मिळवून दिली.

तिमन्नाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चार दिवसांत त्याचे गाल आणखी आत गेले होते.

दुरगव्वानं सगळं सांगितलं. राख, आंघोळ, पाणी पिणारा दगड, मान दुखणारी मॅडम. तिला वाटलं होतं सांगताना रडू येईल, पण ती बाजारहाट सांगावा तसं सांगत गेली. शेवटी म्हणाली, "जुळा होता त्यो. फोडला मी."

"एका घावात?"

"तीन."

"शीर वळत होती?"

"उजवीकडं. येक गोंडा दुखावला."

तिमन्नानं मान हलवली. दगड वाकडा निघाला तर बाईचा काय दोष, अशी. मग तो हसला, हसता हसता खोकला आणि यंत्रानं त्याचा आवाज गिळला. खोकला थांबल्यावर त्यानं तोंड पुसलं.

"शेक," तो म्हणाला. "तीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत चाललं हुतं. कार्डावर धुण्याच्या रकान्यात मी 'साधं पाणी' लिवून आलो. राखंचं ध्यानातबी न्हाई. बायकांचं काम म्हणून कधी बघितलंच न्हाई."

"मलाबी कुणी इचारलं न्हाई. तापवलं का, येवढंच इचारलं."

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती. दोघांच्या मध्ये आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती कुणी उचलावी हे दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी त्यानं उचलली.

"दुरगे. मी कबूल केल्यावर तुला वाटलं का, की मी खरंच केलं?"

सहा गुरुवार. रोजचं ते मनातलं भांडण. टाकीवरून घागर आणताना, भाकरी थापताना, त्याचं अंथरूण एकटीनं गुंडाळून ठेवताना.

"न्हाई," ती म्हणाली. "येक दिस न्हाई वाटलं."

त्यानं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत बघितलं, खडकाला कान लावताना बघायचा तसं, पोकळ कुठं आहे ते शोधत. सापडलं असणार. तिमन्नाला पोकळी सापडली नाही असं कधी झालं नव्हतं.

"मलाबी न्हाई," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल कधी मनात आलं न्हाई."

ते तिनं जसंच्या तसं घेतलं. घासून बघितलं नाही, वाजवून बघितलं नाही.

घंटा झाली. शिपाई खुर्ची मागं ओढायला आला. तिमन्नानं त्याला हातानं थांबवलं, पुढं वाकला आणि कपाळ काचेला टेकवलं. त्याच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. भाताच्या पातेल्याच्या झाकणावर धरते तशी, पातळ, ओलसर. खुर्ची गेल्यावरही ती तशीच होती. दुरगव्वानं अलीकडून तिच्यावर तळहात ठेवला. काच गार होती. पाणी पलीकडे होतं, तिच्या हाताला लागत नव्हतं. कडेकडेनं ते आटत आलं. ते सगळं आटेपर्यंत तिनं हात काढला नाही.